आधी आपल्या पाटीत

शुक्रवार, संध्याकाळ. थळ.

आज दिवसभर घरी बसून कॉम्प्युटरच्या फर्मवेअरला फसवायचा प्रयत्न केला. चोराआधी आपण फट शोधायची, पगार याच कामाचा मिळतो. फर्मवेअर म्हणजे मदरबोर्डच्या चिपमध्ये मुक्काम ठोकलेला प्रोग्राम. तो एकदा बिघडवला की डिस्क कोरी करूनही आत शिरलेला चोर निघत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचा ड्रायव्हर त्याच्यासाठी निरोप ठेवतो तो दोघांच्या सामाइक मेमरीत. म्हटलं, ड्रायव्हरच्या नावाने आधी चांगला निरोप ठेवते, फर्मवेअरने तपासला की वापरण्याआधी पटकन बदलते.

नाहीच जमलं. एकदाही नाही! शेवटी कोड उघडला. फर्मवेअर निरोप आधी स्वतःच्या मेमरीत उतरवून घेतो, मग तपासतो, आणि तीच प्रत वापरतो. बाहेर मी वाट्टेल ते बदललं तरी त्याला फरक पडत नाही. नखाएवढी चिप, आणि ड्रायव्हरसारख्या घरच्या माणसावरही विश्वास नाही? आधी उतरवून घ्यायचं, मग बघायचं. कुणाला सुचलं असेल हे?

संध्याकाळी काकीच्या होडीवरून बोंबील आणले. आईने ते आधी आपल्या पाटीत ओतले आणि मगच एकेक बघायला बसली. बंदरावर भाव ठरेपर्यंत विकणारे हळूच पाटी बदलतात, म्हणून तिची ही जुनी सवय. पण आज तर मी आणलेले!

"आये, माझ्यावर पण विश्वास न्हाय?"

"तुझ्यावर हाय," ती मान वर न करता म्हणाली. "पाटीवर न्हाय."