विल्फ्रेडला सांगू नकोस हं!

बर्नली, १५ डिसेंबर १९१८

प्रिय विल्फ्रेड,

काल मी मत दिलं! आम्हा बायकांना यंदाच मिळालाय ना हक्क! वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. चर्चला घालते ती टोपी घालून गेले होते.

फ्रान्समधल्या लष्करी रेल्वेवरून तू पत्रात बजावलं होतंस, की मत त्या गिरणीमालकालाच द्यायचं. मी म्हटलं, आडोशाला उभं राहून फुली मारायची, कोण बघतंय?

फुली मारून वळले, तर रांगेतून हेटीने भुवया उडवल्या. वीस वर्षं आमचे माग शेजारी-शेजारी. त्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून आम्ही विणकर बायका नुसते ओठ हलवून बोलतो. तिने तसंच विचारलं, "कोणाला गं?"

मीही आवाज न काढता सांगितलं, "आपल्या युनियनच्या माणसाला. विल्फ्रेडला सांगू नकोस हं!"

आणि अख्खी रांग फिदीफिदी हसायला लागली! चाळीस जणी, सगळ्या गिरणीतल्याच. म्हातारी ॲडा तर ओरडलीच, "घाबरू नकोस सेलिना, आम्ही कुणी नाही सांगणार!"

अधिकारी बिचारा लालबुंद. "अहो बायांनो, मत गुप्त असतं!"

हे पत्र काही मी पोस्टात टाकत नाही, पिठाच्या डब्याखाली ठेवतेय. तू लवकर घरी ये. रोज तुझा चहा ओतताना तुझ्यासमोरच सगळं सांगेन, नुसते ओठ हलवून. तुम्हा रेल्वेवाल्यांना कुठे वाचता येतात!

तुझी, आणि कालपासून थोडी माझीही,
सेलिना