दहा भाकरींवरचं पुणं

आबा, परवा मी पहिल्यांदा विमानात बसले. शिर्डीहून हैदराबादला. आपल्या घरात तुमच्यासमोर विमानाचा विषय आईनंतर कुणी काढला नाही, म्हणून आज मीच काढते.

लढाईच्या दिवसांत नगरच्या छावणीपलीकडे, माळावर, गोऱ्या साहेबांनी विमानं उतरवायला पट्टा केला आणि तुम्हाला धुराच्या कामावर ठेवलं. ओल्या गोवऱ्या अन् कडुलिंबाचा पाला पेटवायचा. धूर वाकेल तिकडे वारा, हे वरच्याला कळायचं. पुण्याला विमान अर्ध्या तासात पोचतं, असं तुम्ही घरी येऊन सांगितलंत, आणि आईनं त्याचं आपलं माप काढलं. विमान उठलं की ती पहिली भाकरी थापायची आणि दहावी तव्यावरून उतरली की म्हणायची, "पोचलं बगा पुन्याला." पाहुणे आले, भाकरी वाढल्या की तुम्ही तिला चिडवायचात, "आज पुनं लांब गेलं!" आपण सगळेच तसं धरून चाललो होतो. पुणं म्हणजे दहा भाकरी.

मग तिचं पोट दुखू लागलं. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतडं फुटायच्या बेतात आहे, पुण्याला हलवा, आजच. कोळशाच्या गॅसवर चालणारी एक लॉरी गूळ घेऊन निघाली होती. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "पावनं, टाका वहिनींना माघं. रस्ता खराब हाय, पन सांजच्याला पुन्यात नेतो." तुम्ही म्हणालात, "न्हाई. सायेबानं हिला इमानातनं न्यायचा शबूद दिलाय. दुपारचं इमान येतंय. अर्ध्या तासाचं काम हाय." आई खाटेवर कण्हत होती, तरी हसली. म्हणाली, "वरून आपलं घर दिसंल का वो?" लॉरी गेली.

आपण तिची खाट पट्ट्याच्या कडेला नेऊन ठेवली. तुम्ही धूर केलात. दुपारी विमान आलंही. ते माळावरून घिरटी घालतं, मी हात हलवते, तुम्ही आणखी पाला टाकता, आणि ते न उतरताच निघून जातं. का, ते आपल्याला कुणी सांगितलं नाही; लढाईत कारणं सांगत नसत. तुम्ही दिवस मावळेपर्यंत गोवऱ्या टाकत राहिलात. आई त्याआधीच गेली होती. मी तुम्हाला तसं सांगितलं, तरी तुम्ही टाकतच होतात.

लॉरी का सोडली, हा राग मी तुम्ही असेपर्यंत धरला आणि तुमच्यामागेही सोडला नाही. लेकरा-नातवंडांना तसंच सांगत आले.

आता माझी लेक हैदराबादला दवाखान्यात पडली. नातू म्हणाला, "आजी, लगेच सुटणारी बस आहे, नाहीतर दुपारचं विमान." विमान, म्हणाले मी. क्षणभरही थांबले नाही. शिर्डीच्या विमानतळावरच्या त्या गारेगार हॉलमध्ये विमानाला उशीर झाल्याचं सांगितलं, तेव्हा मी उठून काचेपाशी गेले. बस कधीच निघून गेली होती. काचेबाहेर मोकळी धावपट्टी, आणि मी वेड्यासारखी धूर शोधत होते.

माझं विमान आलं, आबा. लेक बरी आहे. तुमचं उतरलं नाही, एवढाच आपल्या दोघांत फरक. हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, ते मला कळतं.