वाचायची जागा

१० जुलै

आजपासून वर्षावास, पावसाळ्याचे तीन महिने. विहारात संध्याकाळचं ग्रंथवाचन सुरू झालं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते माझ्याकडेच आहे. घरी बोलायला भिंती. प्रणितचा फोन रविवारी, तोही "आई, बरी आहेस ना?" एवढाच. वाचनाच्या वेळी मात्र अख्खी वस्ती माझ्याकडे तोंड करून बसते. खरं सांगायचं तर दिवसभर मी तेवढ्याचीच वाट बघते.

वाचनानंतर माझा प्रौढवर्ग. नाव मोठं! विद्यार्थिनी एकच — कमळा. सिरोंच्याकडची, मायबोली तेलुगू, इथे मूल गावात राइस मिलमध्ये धान वाळवते. आमच्या धम्माची नाही. पण विहाराचे अध्यक्ष बापूराव पहिल्याच दिवशी तिला म्हणाले, "शिकाले ये. वंदना म्हन, नाई तं नको म्हनू."

२ ऑगस्ट

कमळाने आज अख्खी ओळ वाचली! बोट ठेवून, अडखळत. प्रत्येक शब्दाला "म्हंजे काय?" नुसतं डोकं खाते. आवडते मला.

१९ ऑगस्ट

घसा बसला. गंमत म्हणून कमळाला पुढे केलं. शब्दाशब्दाला थांबून सगळ्यांना अर्थ विचारत बसली, अर्धं पानच झालं.

२० ऑगस्ट

घसा सुटला. जागेवर बसायला गेले तर बापूराव चाचरत म्हणाले, "बाई, काई दिवस कमळालेच वाचू द्या. तिचं आमाले समजते. तुमी लगीत घाईनं वाचता."

पुढ्यातच बसणाऱ्या गिरजाबाई, इतकी वर्षं माझ्या वाक्यावाक्याला मान डोलावणाऱ्या, म्हणाल्या, "हो ना, मले तं आत्ता पयल्यांदा कथा समजली."

मग मान कशाला डोलवत होता?

जळले मी. माझ्याच विद्यार्थिनीवर.

२७ ऑगस्ट

विहारात जात नाही. डोकं दुखतं म्हणून कळवलंय. कमळा शिकायला घरी आली, तिलाही दारातूनच परत पाठवलं. मग घर फार मोठं वाटायला लागलं.

३१ ऑगस्ट

प्रणितचा फोन. बरी आहे म्हटलं.

९ सप्टेंबर

नवं धान येईपर्यंत मिल बंद. कमळा गावी निघाली. पाया पडली आणि म्हणाली, "तुमची जागा घेतली म्हून रागावल्या का बाई?"

"वेडी आहेस," म्हटलं. नाही म्हणाले नाही.

ती गेल्यावर बापूराव आले. "उद्या चला बाई. वाचाले कोणीच नाई." हेच तर हवं होतं मला. तरी जेवण गेलं नाही.

१० सप्टेंबर

जागेवर बसले, ग्रंथ उघडला आणि तसाच उचलून गिरजाबाईंपुढे ठेवला.

"मले कुठी येते वो?"

"कमळाला तरी कुठे येत होतं?"

त्यांचं बोट धरून पहिल्या शब्दावर टेकवलं. आजचं वाचन एका ओळीतच संपलं. कोणी घरी जायला उठेना.