रुमाल पुढे करायचा नसतो

दादा,

तुझा पत्ता आता कुठलाच उरला नाही, तरी लिहिते. तुला स्मशानात पोचवून आल्यापासून आई तुझ्या कॉटवरून उठत नाही. तू मला ‘डोक्याची मेकॅनिक’ म्हणायचास, म्हणून सगळे माझ्याच तोंडाकडे बघतात.

समुपदेशनात माझं काम एवढंच असतं. मरण, एकटेपण, जगण्याचा अर्थ, यांतलं जे समोरच्याला छळतंय, ते त्याच्याबरोबर बसून बघायचं. उत्तर त्याचं त्याने शोधायचं. तो रडला तरी रुमाल पुढे करायचा नाही, कारण त्याचा अर्थ ‘पुरे आता’ असा होतो.

काल आईने विचारलं, "आता मी कशासाठी जगू?"

सवयीने मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"मला कळत असतं तर तुला कशाला विचारलं असतं?" म्हणाली आणि रडायला लागली. मी शिकवल्याप्रमाणे नुसती बसून राहिले.

"दगड आहेस तू," ती म्हणाली.

मग माझाच बांध फुटला. तशी आई उठली, माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "पुरे आता."

आमच्या कामात हे चूक. पण तेवढ्यापुरती का होईना, ती उठली होती. नंतर पुन्हा तुझ्या कॉटवर जाऊन पडली.

मला रोज रोज कसं रडता येईल रे?

तुझीच,
मेकॅनिक