न केलेली वजाबाकी

मक्सात,

उठलास की आधी हे वाच. बाबा आठ वाजता तुझी बाइक घेऊन खिंडीपलीकडच्या वरच्या कुरणावर गेले. घोडी व्यायलीय, थांबायला तयार नव्हते.

ते गेल्यावर मी तुझी इंजिनाच्या कामाची वही पाहिली. पिस्टन मूळ कंपनीचा आहे. सिलिंडर मात्र तू बाजारातला घातलास, मूळचा यायला महिना लागणार होता म्हणून. दोन्ही मापं नीट लिहिलीस, पण वजाबाकी केली नाहीस. मध्ये सहा शतांश मिलिमीटर फट हवी, तीनच उरते. थंड असताना इंजिन छान चालेल. खिंडीच्या चढावर तापलं की तिथेच किंवा पुढच्या उतारावर पिस्टन फुगून अडकेल आणि मागचं चाक जागच्या जागी थांबेल. "ताई, तू शाळेत मुलांना शिकव, इंजिन माझ्यावर सोड," म्हणालास आणि मी सोडलं. ती चूक माझी.

कुबातकाकांच्या जीपमधून मी खिंडीकडे निघालेय. बाबांचा फोन लागत नाही. तू लावत राहा. लागला तर एवढंच सांग, इंजिन बंद करा आणि चालत या. आईला काही बोलू नकोस.

निघताना बाबा म्हणाले, "पोरानं स्वतः बांधलंय. आज खिंडीनंतरचा नदीकडचा उतार डोळे झाकून उतरतो बघ."

जिपार