बिनवासाची डबी

कान थो
५ फेब्रुवारी

प्रिय लोआनताई,

तुम्ही सगळी खुशाल असाल. मीही मजेत आहे. खोली दमट आहे आणि खाणावळीतला भात रोज गिचका असतो, पण तुझी धाकटी बहीण तक्रार करणारी नाही, हे तुला ठाऊकच आहे. तू बांधून दिलेले सुके झिंगे माझ्या मैत्रिणींनी दोन दिवसांत फस्त केले.

या सत्रात सौंदर्यप्रसाधनशास्त्र सुरू झालंय. दाजींना सांग, म्हणजे ते विचारतील, "पावडर फासायलासुद्धा कॉलेज लागतं का?" खरं तर तेल आणि पाणी एकत्र नांदवायची विद्या आहे ही. पहिल्याच प्रॅक्टिकलला माझं क्रीम फुटून ताक झालं. फुओंग मॅडम म्हणाल्या, "मीठ घाल आणि पिऊन टाक आता."

तू विचारलंस, दुकानातली गिऱ्हाइकं आपल्या क्रीममध्ये काय आहे विचारतात, तर काय सांगू? मोत्याची भुकटी आणि जिनसेंग. बस्स. पांढऱ्या पुडीचं कुणी काढलंच, तर म्हण, "माझी बहीण औषधशास्त्र शिकते, ती काय उगाच देईल?" पुडी सोमवारच्या बसने पाठवते. प्रमाण तेच.

तुझ्या लग्नाआधी सासूबाई काय म्हणाल्या होत्या, आठवतं? "ही मुलगी घाटावर वाळत घातली होती की काय?" क्रीमने तुला गोरं करून महिन्याभरात त्यांचं तोंड बंद केलं आपण. मला अजून त्याचा आनंद होतो.

माझ्या भाचीला, मीतला, खूप पापे.

तुझी थुई


कान थो
१९ मार्च

प्रिय ताई,

मीतचा व्हिडिओ पाहिला. शेजारच्या गाळ्यावरच्या बाऊ मावशी तिला उचलून ओरडतायत, "अगंबाई, काय ही कुरूप पोर! नुसता भोपळा!" आणि मागे बाजारातल्या सगळ्या बायका, "कुरूप, कुरूप!" मी चार वेळा पाहिला. गुबगुबीत म्हटलं की दृष्ट लागते, म्हणून आपल्याकडे उलट कुरूपच म्हणतात; पण त्या केवढ्या कौतुकाने ओरडत होत्या!

तू लिहिलंयस, तिच्या लंगोटाखाली पुरळ आलं होतं, आपलं क्रीम लावलं आणि दोन रात्रींत साफ गेलं, म्हणून महिना-दीड महिना रोज लावतेस. ताई, ते लावू नकोस. त्यात सुगंध असतो ना, लहान मुलांना तो सोसत नाही. एवढंच. नुसतं खोबरेल लाव.

गेल्या आठवड्यात मॅडमनी प्रत्येकीला आपापल्या बाजारातलं एक क्रीम तपासायला आणायला सांगितलं. आपल्या गावाकडच्या एका मुलीने तुझीच डबी आणली. झाकणावर तुझा लग्नातला फोटो होता. तपासणीत काय निघालं ते राहू दे. सगळे हसत होते, "नवरी छान आहे, पण..." मीही हसले.

तुझ्या मनात काही दिवस विक्री थांबवायची असेल तर थांबव. मी आपलं सुचवलं.

थुई


कान थो
४ मे, सकाळ

लोआनताई,

हे पत्र अकराच्या बसने येतंय. चालक तुझ्याच हातात देईल, मी त्याला तीनदा बजावलंय. वाचताना उभी असशील तर खाली बस, आणि अर्ध्यात फाडू नकोस.

परवा तुझा निरोप आला, "तुझं ऐकलं गं बाई! मीतसाठी सुगंध न घालता वेगळी डबी केली. आता काही काळजी नाही." त्यासोबत तिचा फोटो होता.

काल फोनवर मी फक्त "क्रीम बंद कर" म्हटलं आणि कारण सांगितलं नाही. तू म्हणालीस, "शिकून शहाणी झालीस, आता ताईचं दुकान खुपतंय तुला," आणि फोन ठेवलास. नंतर उचललाच नाहीस. उचलला असतास तरी माझ्या तोंडून निघालं असतं की नाही, कुणास ठाऊक. म्हणून लिहिते.

पांढरी पुडी म्हणजे मोती नाहीत आणि जिनसेंगही नाही. त्या डेक्सामेथासोनच्या गोळ्या आहेत, स्टिरॉइडच्या, कुटलेल्या. मी ज्या औषधाच्या दुकानात काम करायचे, तिथे सगळे असंच क्रीम बनवायचे. तुझ्या लग्नापुरतं केलं आणि मग थांबले नाही. सुगंधाचं खोटं होतं. खरं सांगितलं असतं तर मला कॉलेजातून काढलं असतं, म्हणून मी सुगंध म्हटलं आणि तू माझ्यावर विश्वास ठेवून बिनवासाची डबी केलीस. त्या खोटेपणामुळे मीतच्या अंगात आणखी सहा आठवडे हे गेलं.

ती गुबगुबीत नाही, ताई. सुजली आहे. फोटोत तिने तेतला, नव्या वर्षाला, घेतलेला लाल झगा घातलाय. लांबीला अजून बरोबर बसतो आणि पोटावर बटण लागत नाही. ती उंचच झालेली नाही. गालांवर बारीक केस आलेत. सगळ्यांनी लाडाने कुरूप म्हटलं, म्हणून कुणी नीट पाहिलंच नाही. मी पाहिलं होतं, मार्चमध्येच.

आता नीट वाच. मी काल चुकीचं सांगितलं. स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नकोस, शरीराला त्याची सवय लागलेली असते आणि बाळ अचानक कोसळू शकतं. आजच, आत्ताच मुलांच्या मोठ्या इस्पितळात जा. दोन्ही डब्या, उरलेली पुडी आणि हे पत्र घेऊन जा. किती दिवस, दिवसातून किती वेळा, कुठे कुठे लावलं, सगळं सांग. ती गळून पडली, उलट्या झाल्या तर रांगेत थांबू नकोस, ओरड. तुझ्या चेहऱ्याचंही विचार, पण आधी तिचं.

दाजी मला शिव्या देतील, देऊ देत. बाजारातल्या बायका तुझ्या दुकानावर येतील, त्यांना माझं नाव सांग. आज दुपारी मी फुओंग मॅडमकडे जाऊन सगळं सांगणार आहे. नंतरच्या बसने इस्पितळात पोचते. तू मला आत येऊ दिलं नाहीस तर बाहेर बसेन.

मला माफ कर असं लिहीत नाही. अजून तुला ठाऊक नाही, कशासाठी करायचंय ते.

डॉक्टरांना वेळ नसेल तर त्यांना फक्त शेवटच्या या ओळी दाखव:

सोबतच्या डब्यांतल्या क्रीममध्ये डेक्सामेथासोनच्या गोळ्यांची पूड आहे; ती मी स्वतः तयार करून पाठवली. बाळाच्या आईला आत काय आहे हे माहीत नव्हतं. बाळाला सुमारे तीन महिने रोज लावलं गेलं आहे. विचारायचं असेल तर कोणत्याही वेळी बोलवा.

त्रान थी बिक थुई
औषधनिर्माणशास्त्र, चौथं वर्ष
बाळाची मावशी