बारावं प्रकरण, शहाण्णव टक्के

४ ऑक्टोबर, शनिवार

म्बाक कुनांग चोर आहे म्हणे!

सकाळी दात घासत होते. शेजारच्या खोलीतून गेंदिस फोन नाचवत आली, म्हणाली, तोंड धू आणि हे वाच. 'लाल शटल' नावाच्या कुठल्याशा खात्याने टाकलंय. म्बाकच्या गोष्टीचं बारावं प्रकरण त्याने चोरी पकडायच्या मशीनमध्ये घातलं. शहाण्णव टक्के जुळलं. कशाशी? "विद्यार्थ्याने दिलेला मजकूर, मलांगमधील विद्यापीठ, १९ सप्टेंबर." म्बाकने प्रकरण टाकलं ३ ऑक्टोबरला. म्हणजे आमच्याच गावातल्या कुणा विद्यार्थ्याचं लिखाण तिने उचललं!

दुपारपर्यंत अकरा हजार लोकांनी वाचलं.

टीव्हीवरच्या बॅडमिंटन होस्टेलच्या मालिकेवर आम्ही सगळ्या आपापल्या गोष्टी लिहून नेटवर टाकतो. मालिकेतले खेळाडू विरा आणि दामार आमचे नाहीत. त्यांची होस्टेलची खोली, त्यांची भांडणं, काहीच आमचं नाही. पात्रं उचलायची, वाक्यं उचलायची नाहीत. एवढाच कायदा आहे आमच्यात. म्हणून तर असा आरोप जिव्हारी लागतो.

म्बाकला मी कधी पाहिलेलं नाही. खरं नाव माहीत नाही. मोठी बहीण असल्यासारखं सगळ्याच तिला म्बाक म्हणतात. पण वर्षभर तिचं प्रत्येक प्रकरण आधी माझ्याकडे येतं – मी तिची पहिली वाचक. स्वल्पविराम हलवते, चुका काढते. हे गेंदिसशिवाय कुणाला माहीत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

म्बाकला मेल केला. उत्तर नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

मीच आहे. तो विद्यार्थी मीच!

दुकानात झेरॉक्स मारता मारता लक्षात आलं आणि मूळ पानं लावायचंच राहिलं. एकाच्या प्रबंधाची चौदा पानं कोरी निघाली.

आमचं दुकान विद्यापीठाच्या मागच्या फाटकाशी आहे. प्रबंध जमा करण्याआधी पोरं आमच्याकडे 'टक्के' काढायला येतात. फाइल मशीनमध्ये घालायची, किती उचललंय ते येतं. पंचवीसच्या वर गेलं तर सर हाकलतात. घालताना एका चौकटीत खूण करावी लागते – 'मजकूर ठेवू नये'. ती राहिली तर मशीन ती फाइल पोटात ठेवून घेतं. मग पोरगा खराखुरा प्रबंध जमा करतो आणि स्वतःच्याच कच्च्या प्रतीचा चोर ठरतो. दर परीक्षेला असा एक तरी रडत येतो.

१९ सप्टेंबर शुक्रवार होता. दुकानाचे मालक पाक मुजी नमाजाला गेले होते, शटर अर्धं खाली. तेव्हा मी म्बाकचं बारावं प्रकरण मशीनमध्ये घातलं. दोन टक्के आले. बंद केलं, बाकी कसलाच विचार केला नाही.

खूण केली नव्हती.

७ ऑक्टोबर, मंगळवार

का घातलं?

खरं लिहायचं तर – ते फार चांगलं होतं. म्बाक धावत लिहिते, धाप लागल्यासारखं. आणि बाराव्यात एकदम दामारचा बाप येतो. रॅकेटला तार बांधतो, बोटाने टिचकी मारून कान लावतो, आणि तीन पानं काहीच होत नाही. वाचून मी भिंतीकडे बघत बसले. मग वाटलं, हे हिचं नाही.

मत्सर असेल. माझी शेवटची गोष्ट नुसत्या स्कोअरमध्ये आहे. वाक्य एकही नाही, फक्त आकडे. चौदा जणांनी वाचली. त्यातले तीन मीच, वेगवेगळ्या फोनवरून.

कारण काही असो. जिला वर्षभर देव मानलं तिला मी चोर पकडायच्या मशीनमध्ये घातलं आणि तिच्या पुढच्याच मेलला लिहिलं, "म्बाक, अप्रतिम! एक स्वल्पविराम तेवढा हलवला."

८ ऑक्टोबर, बुधवार

आता गंमत बघा. गेंदिसने उलटी मोहीम काढलीय. म्बाक चोर नाहीच, त्या विद्यार्थ्यानेच म्बाकचं चोरलं! तो कोण ते शोधायचंय. मलांगमधल्या तीन पोरांची नावं फिरतायत, बिचाऱ्यांना विरा कोण हेसुद्धा माहीत नसेल.

गेंदिस तळलेल्या सोयाबीनच्या टेंपेचा तुकडा मोडत म्हणाली, "मिळू दे तो मेला. त्याची सांबल चटणी वाटते की नाही बघ. मिरचीच्या बिया न काढता."

मी जेवत होते. जेवत राहिले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

म्बाकने शेवटी एक ओळ टाकली. "मी याबद्दल काही बोलणार नाही." बस्स. काय ही बाई! दुसरी असती तर रडून गोंधळ घातला असता.

पण प्रकाशक बोलला. नावं बदलून तिच्या गोष्टीचं पुस्तक येणार होतं नोव्हेंबरात – विराचा अर्गा होणार होता, दामारचा लिंतांग. छपाई थांबवलीय. सोमवारपर्यंत खुलासा आला नाही तर रद्द.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पाक मुजींना सांगितलं. आधी त्यांना कळेच ना की खऱ्या नसलेल्या खेळाडूंबद्दल लोक फुकटात एवढं का लिहितात. मग खूण राहिल्याचं कळलं. ते चष्मा काढून पुसत बसले.

"रोज त्या पोरांच्या डोक्यावर बसतेस, खूण केली का, खूण केली का. आणि स्वतः?"

मी कागदाचे गठ्ठे सरळ करायला लागले.

"जे मशीन वापरतो ते खातं एका सरांचं आहे. दुकानाचं नाव आलं तर तेही जाईल आणि आपणही जाऊ."

"मग मी खुलासा लिहू नको, पाक?"

"लिही ना. बाईची अब्रू आहे. दुकानाचं नाव नको, एवढंच. आणि त्या चौदा पानांचा कागद तुझ्या पगारातून."

शेवटचं हसून म्हणाले. मला वाटतं हसून.

११ ऑक्टोबर, शनिवार

टाकलं. स्वतःच्या नावाने. मी पहिली वाचक, मी शंका घेतली, मी फाइल घातली, खूण करायला विसरले. तिचा मला आलेला १८ सप्टेंबरचा मेल जोडला. दोन टक्क्यांचा तो पहिला कागदही जोडला. खाली लिहिलं, बारावं प्रकरण तिचंच आहे, मी साक्षीदार आहे.

शेवटचं वाक्य चार वेळा खोडलं आणि ठेवलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

'लाल शटल'ने माफी मागितली आणि खातं बंद करून पळाला. प्रकाशकाने छपाई सुरू होणार म्हणून जाहीर केलं. म्बाकच्या पानावर फुलं, हृदयं, माफ्या – मोजता येत नाहीत. माझ्या पानावर शिव्या. त्या मोजल्या, मग सोडल्या.

गेंदिस दोन दिवस बोलत नव्हती. आज भाताचा डबा दाराशी ठेवून गेली. म्हटलं, आत ये. दारातूनच म्हणाली, "म्बाकवर शंका घेतलीस, ते एक वेळ ठीक. पण मी त्या तीन पोरांची नावं फिरवत होते, आणि तू समोर बसून भात खात होतीस."

डबा बाजूला ठेवून फोन उघडला. तिघांना वेगवेगळं लिहून माफी मागितली. एकाने विचारलं, ही मालिका कुठे बघायला मिळेल?

१५ ऑक्टोबर, बुधवार

म्बाकचा मेल.

"निंग, तुझ्यावर राग नाही. तुझी शंका बरोबर होती. बारावं प्रकरण माझं नाही. कॉलेजात माझ्या खोलीत एक मुलगी राहायची, तिच्या वहीतलं आहे. हाताने लिहिलेलं, म्हणून तुझ्या मशीनला सापडलं नाही. दामारचं नाव तेवढं मी घातलं. तिला विचारलेलं नाही. तू माझ्यासाठी साक्ष दिलीस, म्हणून तुला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. पुढे काय करायचं ते तू ठरव. पुस्तक शुक्रवारी छापायला जातंय."

आज बुधवार.